गैरहजेरी घेणारा माणूस

आमच्या कंपनीतल्या चाचांच्या खिशात पेन कधी नसायचं. खिशात असायचे रंगीत दोरे. त्यांची बायको, आमच्या चाची, घरी शिवणकाम करतात. त्यांच्या डब्यातनं चाचा रोज सकाळी दोरे पळवायचे आणि संध्याकाळी त्याबद्दल बोलणी खायचे. ऑफिसात आले की एकमेकांसारखे दिसणारे दोन जिन्नस शोधायचे आणि दोघांना दोन रंगांचे दोरे बांधायचे. दोन वायरी, दोन पकडी, दोन चार्जर, काही म्हणजे काही सोडायचे नाहीत. एकदा छताला दोन नवे पंखे लागले तर दुसऱ्या दिवशी एकाच्या दांड्याला हिरवा दोरा आणि दुसऱ्याच्या दांड्याला पिवळा.

मालक म्हणाले, "चाचा, आता पंख्यालाबी?"

चाचा म्हणाले, "एक बिघडला की वायरमनला काय सांगशीला मालक? ह्यो, का त्यो?"

महिन्याभरात हिरवा बिघडला. त्या दिवशी चाचा छाती फुगवून जे काही फिरले म्हणता! जणू पंखा त्यांनीच बिघडवला होता. मला तर अजून तसा संशय आहे.

आमची कंपनी म्हणजे शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतलं एक शेड, अकरा माणसं आणि मालकांचा आवाज. गावोगावच्या दूध संस्थांत दूध गार ठेवायच्या स्टीलच्या मोठाल्या टाक्या असतात. त्यांच्यावर लक्ष ठेवणारे डबे आम्ही बनवतो. डब्यात एक छोटा कॉम्प्युटर असतो. तो प्रत्येक टाकीचं तापमान मोजतो, पडद्यावर दाखवतो आणि दूध गरम व्हायला लागलं की त्या टाकीचं कूलिंग चालू करतो. ऐकायला सोपं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं.

या डब्यांच्या आत काय चालायचं ते सगळं चाचांच्या डोक्यातनं आलेलं. त्यांच्या नावापुढं डिग्री नाही. शहरात त्यांच्या वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, तिथं तांब्याच्या तारेचे वेढे मोजत ते मोठे झाले. मोटरीतनं रेडिओत गेले, रेडिओतनं टीव्हीत, टीव्हीतनं कॉम्प्युटरमध्ये. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, उघडून वाचायला घेतलं, तेसुद्धा लोक सकाळी पेपर वाचतात तसं, पाय खुर्चीवर घेऊन. माझ्या नावापुढं डिग्री होती, फर्स्ट क्लासची. ती त्यांनी मला पहिल्या आठवड्यात विसरायला लावली.

मी हातकणंगल्याची. इंटरव्ह्यूला गेले तेव्हा फाईल, सर्टिफिकेटं, प्रोजेक्टचा रिपोर्ट, सगळं बोचकं घेऊन गेले होते. चाचांनी त्याला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "पोरी, मशिदीच्या भाईर वीस जोड चपला हायत. समद्या कोल्हापुरी, समद्या एका मापाच्या, एकाच दुकानातल्या. त्यातली तुझी कशी वळखशीला?"

मी म्हटलं, "मी घाई करणारच नाही. सगळे गेले की जी उरेल ती माझी."

चाचा हसले ते हसलेच. मग डोळे पुसत म्हणाले, "आनि मधल्या एकानं चुकून तुझी नेली तर?"

"मग मी त्याची घालीन."

"मग तो तिसऱ्याची घालंल. सगळ्या गल्लीच्या पायात दुसऱ्याची चप्पल, आनि कुनालाच पत्ता न्हाय!" ते मालकांकडं वळले. "घ्या हिला. चुकती, पर छाती काढून चुकती. असलं मानूस शिकवाय बरं असतंय."

बरोबर उत्तर काय, ते त्यांनी नोकरी लागल्यावर सांगितलं. चप्पल ओळखायची नाही, जागा ओळखायची. तिसऱ्या पायरीवर, डाव्या अंगाला, खांबाजवळ. दिसायला सगळी सारखी असली तरी एका जागी दोघं बसत नाहीत.

हे आमच्या कामाला कसं लागू होतं ते सांगते. डबा चालू केला की आत सगळ्यात आधी जागं होतं ते कर्नेल, म्हणजे कॉम्प्युटरचा कारभार बघणारा मुख्य प्रोग्राम. माउस, पेनड्राइव्ह असल्या वस्तू जोडल्या की त्या स्वतःची ओळख स्वतः देतात. पण आमची तापमान मोजणारी कार्डं मुकी. ती कुठं आहेत, किती आहेत, हे एका फाईलमध्ये लिहून कर्नेलला द्यावं लागतं. चाचा त्या फाईलला रेशनकार्ड म्हणायचे.

"घरात कोन कोन हाय, कुठल्या खोलीत बसतंय, समदं लिव," ते सांगायचे. "कर्नेल येडं न्हाय पोरी, आंधळं हाय. हाताला धरून घर दाखवाय लागतंय."

एकच कार्ड असलं तर घर दाखवायला काही वेळ लागत नाही. पण सहा टाक्यांना सहा कार्डं, एकाच साच्यातली, एकाच तारेवर बसलेली. प्रत्येक कार्डावर तीन बारीक खटके असतात, ते वरखाली करून कार्डाला पत्ता द्यायचा. मग फाईलमध्ये सहा नोंदी करायच्या. जात सहाही जणांची एकच, पत्ता मात्र ज्याचा त्याचा. त्याशिवाय चाचांच्या कायद्याप्रमाणं प्रत्येकाला नावही द्यायचं, टाकी एक, टाकी दोन असं. "पत्ता मशीनीसाठी, नाव मान्सासाठी," असं ते म्हणायचे, आणि नाव लिहायचा कंटाळा केला की फाईल परत तोंडावर यायची.

आणि एवढं सगळं झालं की गैरहजेरी.

हा शब्द त्यांचाच. एकदा पुण्याहून एक पाहुणे त्यांचं मशीन दाखवायला आले होते. आठ सेन्सर लावलेले, पडद्यावर आठ आकडे, रंगीत आलेख, काय विचारू नका. मालक तर टाळ्या वाजवायच्या बेतात. चाचा म्हणाले, "पावणं, ह्यातला एक काढा की."

पाहुणे म्हणाले, "का बरं? सगळं व्यवस्थित चालू आहे."

"म्हनूनच म्हनतोय. काढा."

पाहुणे काढेनात, तेव्हा चाचांनी स्वतः हात घालून तिसऱ्याची वायर उपसली आणि मशीन बंद करून परत चालू केलं. पडदा काळा पडला तो पाहुण्यांनी मशीन गाडीत घालेपर्यंत काळाच. चाचा आमच्याकडं वळून म्हणाले, "हजेरी कुनीबी घेतंय. गैरहजेरी घ्यायला शिका. घरातला एक न्हाय म्हनल्यावर बाकीची कशी वागत्यात, त्यावरनं घराची कळा कळती."

मी त्या दिवशी हसून हसून लोळले होते. पुढं त्याच हसण्याची मला लाज वाटली.

राधानगरीच्या बाजूला एका गावच्या दूध संस्थेला आम्ही सहा टाक्यांचा डबा दिला. दिवाळीच्या आत बसवायचा म्हणून मालक मानगुटीवर बसलेले. रेशनकार्ड मी लिहिलं. सहाही पत्ते बरोबर दिले. नावं द्यायची राहिली. म्हटलं, नंतर टाकू. पडद्यावर आकडे दाखवणारा आणि कूलिंग चालवणारा प्रोग्रामही माझाच. त्यात मी पत्ता विचारलाच नाही. डबा चालू झाला की कर्नेल त्याला कार्डं सापडतील तसे ओळीनं नंबर देतं, ते मी घेतले. पहिलं सापडलं ती टाकी एक, दुसरं सापडलं ती टाकी दोन. सहाही हजर होती तोवर सगळं बरोबर दिसलं. चाचा त्या आठवड्यात तापानं घरी होते. गैरहजेरी मी घेतली नाही. घेतली, असं मात्र कागदावर लिहिलं.

तिथं टाक्यांवर सर्जेराव नावाचा ऑपरेटर होता. चाळिशीचा, बोलायला कमी, टाकी मात्र आरशासारखी धुणारा. पुढच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी गावातनं फोन आला. पलीकडं तोच. "बाई, अर्धा तास लाईट गेल्ती. आता आलीया, पर सा नंबरचा आकडाच येईना."

मी बॅग खांद्याला अडकवून निघालेले. म्हटलं, "सहाचं दूध हातानं मोजून बघा. गार आहे ना? मग असू दे, उद्या बघू."

त्यानं बिचाऱ्यानं तेच केलं. सहा नंबरचं कूलिंग हातानं चालवलं, दर तासाला थर्मामीटर बुडवून दूध बघितलं. सकाळी सहा नंबर ठणठणीत होता. नासलं होतं दोन नंबरचं. संध्याकाळचं सगळं दूध, पार फुटून गेलं.

आमच्या डब्यात प्रत्येक आकड्याची नोंद राहते. मालकांनी ती काढली. दोन नंबर रात्रभर चार डिग्री. मालक खूश. "आपला डबा क्लीन आहे," म्हणाले आणि नोंद संस्थेला पाठवून दिली. संस्थेनं हिशोब केला की दूध रात्रभर गार होतं तरी नासलं, म्हणजे टाकी धुतलेली नव्हती. सर्जेरावाला घरी बसवलं. शुक्रवारी संचालकांची मीटिंग, त्यात त्याला काढायचं ठरलेलं. गावात आधीच बोलणं सुरू झालं होतं की घाण टाकीत दूध ओतणारा माणूस आहे. सतरा वर्षं टाक्या धुणाऱ्याला याहून वाईट काय म्हणणार?

चाचा सुट्टीवर होते, ते बुधवारी कामावर आले. मालकांनी कौतुकानं नोंद त्यांच्यापुढं ठेवली. सगळ्यांनी त्या कागदावरची रात्र वाचली होती. चाचांनी संध्याकाळ वाचली. एका जागी त्यांचं बोट थांबलं.

"लाईट जायच्या आधी दोन नंबर किती हुता?"

मी बघितलं. "अठ्ठावीस. ताजं दूध ओतलं होतं."

"लाईट आल्यावर?"

"चार."

"आनि मधी अर्धा तास लाईट न्हाय. कूलिंग बंद." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "लाईट नसताना दूध गार झालं व्हय गं?"

चाचांनी हळूच विचारलं, "गैरहजेरी घेतल्ती?"

मी मान हलवली, नाही म्हणून. ते उठले, टेबलावरच्या नमुन्याच्या डब्यातलं दोन नंबरचं कार्ड काढलं आणि डबा परत चालू केला. कर्नेलला पाचच कार्डं सापडली. तीन नंबरचा आकडा दोनच्या जागी येऊन बसला, चारचा तीनच्या, पाचचा चारच्या, सहाचा पाचच्या, आणि सहाची जागा मोकळी. तिकडं दोन नंबरचं कार्ड मेलं होतं आणि पडद्यावर गेला होता सहा. सर्जेराव बिचारा रात्रभर राखत बसला सहा नंबर, आणि दोनचं दूध कूलिंगशिवाय तापत राहिलं, कारण दोनच्या जागी तीनचं सकाळचं गार दूध दिसत होतं.

मी रडले, सर्जेरावाचा फोन आलेलाही सांगून टाकला, सांगायला लाज कसली! दोरा बांधायचा राहिला तर शेड डोक्यावर घेणारा हा माणूस मला एक शब्द बोलला नाही.

मालक म्हणाले, "चाचा, दार लावून घ्या. हे बाहेर जायला नको. डब्यातली चूक आपण गुपचूप दुरुस्त करू. सर्जेराव आपला कोण लागतो?"

चाचा म्हणाले, "त्यानं फोन केल्ता मालक. आपन उचल्लाबी हुता."

"पुढची सगळी कामं जातील."

"जाऊ द्यात. चूक लपवून इकलेल्या डब्यावर मी पुन्यांदा हात ठेवनार न्हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "डोळं पूस आनि एक नवं कार्ड घे. तुझी फाईल दुरुस्त कर. राधानगरीची यष्टी किती वाजता हाय?"

गुरुवारी दिवसभर मी बसून प्रोग्राम दुरुस्त केला. आता तो नंबर विचारत नव्हता, नाव विचारत होता. नावं मी सहाच्या सहा लिहिली. एकेक कार्ड काढून सहा वेळा गैरहजेरी घेतली आणि सहाही वेळा ज्याची त्याचीच जागा मोकळी राहिली. चाचा शेजारी बसून शेंगा खात होते. सहाव्यांदा त्यांनी मूठभर शेंगा माझ्यापुढं सरकवल्या.

शुक्रवारी आम्ही पोचलो तेव्हा मीटिंग टाक्यांच्या शेजारच्या खोलीत भरलेली. चेअरमन मधल्या खुर्चीत, सहा-सात संचालक, आणि दाराशी उभा सर्जेराव. त्याला बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

चाचांनी रामराम केला आणि विचारलं, "दोन नंबर टाकीत आता काय हाय?"

"काय न्हाय," चेअरमन म्हणाले. "त्या दिवसापासनं मोकळी हाय. कुलूप घातलंय."

"मग वाईच भाईर येऊन पडदा बघता का?"

सगळे उठून पडद्यापाशी आले. टाकी दोन, चार डिग्री.

"मोकळ्या टाकीत चार डिग्री कुठनं आली, चेअरमनसाहेब?" चाचा म्हणाले.

"आयला," एक संचालक म्हणाला, "ह्यो आकडा चार दिस आमच्या डोळ्याम्होरं हाय."

चाचांनी डबा उघडला. पावसाच्या दमटपणानं दोन नंबरच्या कार्डाचे पाय गंजून हिरवे पडले होते. मी प्रोग्राम बदलला आणि डबा चालू केला. दोन नंबरची जागा मोकळी झाली आणि सहाचा आकडा परत आला. मग नवं कार्ड घेतलं, त्याचे खटके जुन्यासारखे लावले आणि चाचांनी ते सर्जेरावाच्या हातात दिलं. "तू बशीव." त्यानं ते दोन्ही अंगठ्यांनी दाबून नीट बसवलं. परत चालू केल्यावर टाकी दोन सव्वीस डिग्री, खोलीत होतं तेवढंच.

चाचांनी मोठ्यांदा सांगितलं, "त्या राती ह्याला आकडा खोटा दिसला. टाकी धुतल्याली हुती, कूलिंग चालू झालंच न्हाय. चूक आमची हाय. तसं लिवून देतो, सही करून."

चेअरमन म्हणाले, "आमची म्हंजे कुनाची? गावात चूक झाली की आमी एकाचं नाव घेतो. ह्याचं जसं घेतलं, तसं तुमीबी घ्या."

चाचा म्हणाले, "माझं लिवा."

आयुष्यातली एक गोष्ट मी अभिमानानं सांगते, आणि ती फर्स्ट क्लासची नाही. मी पुढं झाले आणि म्हणाले, "त्यांचं नाही. ते तापानं घरी होते. प्रोग्राम मी लिहिला, तपासला म्हणून खोटं मी लिहिलं, आणि यांचा फोन आला तेव्हा उद्या बघू, असंही मीच म्हणाले."

चाचा माझ्याकडं बघत राहिले. त्यांची मान अशी ताठ झाली होती की सांगता सोय नाही. शेजारच्या संचालकाला ते म्हणाले, "माझ्या हाताखाली शिकलीया ही." त्या माणसानं काही विचारलंही नव्हतं.

सर्जेराव अजून त्या कार्डाकडंच बघत होता. मग मला म्हणाला, "बाई, ह्यात तुमची नोकरी जात न्हाय न्हवं?"

चार दिवस गावाच्या शिव्या खाल्लेला माणूस मला हे विचारत होता. चाचा म्हणाले, "जात न्हाय. गेली तर दोघांची जाईल."

चेअरमननी घसा साफ केला. "सर्जेराव, सांजच्या दुधाची येळ झाली. लाग कामाला."

"लागतो," सर्जेराव म्हणाला. "पर पयलं दोन नंबर धुतो. आनि चेअरमनसाहेब, तुमी बघाय या."

चेअरमन सत्तरीचे, त्या गावात त्यांना असं बोलावणारं कुणी नसावं. त्यांनी दाराशी चपला काढल्या, धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि ओल्या फरशीवर टाकीजवळ जाऊन उभे राहिले. सर्जेरावानं कुलूप काढलं, झाकण उघडलं आणि कमरेपर्यंत आत वाकून घासायला लागला. कोपरा न् कोपरा, शिवण न् शिवण. पाऊण तास चेअरमन जागचे हलले नाहीत. मधेच सर्जेरावानं मागं न बघता हात पुढं केला, आणि चेअरमननी खाली वाकून पाण्याची नळी उचलून त्याच्या हातात दिली.